मैत्रेयीच्या नावाचं कार्ड

अलीगंज, लखनौ
११ ऑगस्ट २०२४

ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांची संमती न मिळाल्यामुळे तो लेखी स्वीकारावा. फोन केला तर तुला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तू तयार नाहीस, म्हणून लखनौ-मिरज टपालसेवा आपण दोघंच चालवतो आहोत असं माझं मत होत चाललं आहे.

आज एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. गेले अकरा दिवस माझ्या घरात हिंगाला प्रवेशबंदी आहे. हुकूम कोणी काढला ते माहीत नाही, पण हिंगाची डबी मला माळ्यावर, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे सापडली. पाठोपाठ लसूण गेला. परवापासून फोडणी या संस्थेचंच विसर्जन झालं. वरण आता कुकरमधून जसं बाहेर पडतं तसंच, निर्गुण निराकार, माझ्या पानात येतं. एकतीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या, त्यातही तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हे किती सोसावं? इंद्रजितला विचारलं तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, उमस है ना." दमट हवेचं आणि हिंगाचं वैर कधीपासून, हे त्याने सांगितलं नाही.

मग मी अनुमानाला बसलो. सूनबाई सकाळी बाथरूममध्ये नळ मोठा सोडून बराच वेळ असते. लिंबाचं लोणचं वाटीने संपतं आहे. आणि लग्नापासून ती फिरवते म्हणून जी स्कूटर मला कधी मोकळी मिळाली नाही, ती आता दिवसभर दारात उभी असते. तिन्ही खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होत्या. तीन महिने पुरे होईपर्यंत वाच्यता करायची नाही हा आपल्याकडचा नियम. त्यात घरात बाईमाणूस नाही. तुझी भावजय असती तर तिला पहिल्या दिवशी कळलं असतं आणि मला बाराव्या. शेवटी काल जेवताना मीच विचारलं, की हिंग साधारण मार्चपर्यंत परत यायला हरकत नसावी ना? इंद्रजितला ठसका लागला आणि सून लाजून स्वयंपाकघरात पळाली. अशा रीतीने तुला सांगण्याजोगी बातमी आहे, ताई. तू आजी होणार.

लग्नाला तू डोळ्याच्या ऑपरेशनमुळे आली नाहीस, म्हणून पोरीबद्दल थोडं लिहितो. वडील सुभेदार हणमंतराव, मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन तेलीबागेत घर बांधून राहिले. पोर छावण्यांमध्ये वाढली. मराठी समजतं सगळं, बोलताना अर्ध्यावर हिंदीत उतरते. माहेरचं नाव माणिक. इथे हे नाव पुरुषाचं. तिच्या कॉलेजात हजेरी घेताना मास्तर मुलांच्या बाकांकडे बघत म्हणे. म्हटलं, एवीतेवी लग्नात तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायचंच आहे, तर चांगलं लिहू. दोन दिवस खपून मी 'मैत्रेयी' काढलं. सुभेदारांना उच्चारायला दोन प्रयत्न लागले, पण आवडलं.

खर्चाची काळजी नाही. इंद्रजित अमौसीला विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. नोकरी कंत्राटी, पण विमा उत्तम. बाळंतपण धरलेलं आहे, त्याआधीच्या तपासण्यासुद्धा धरलेल्या आहेत. लग्नानंतर महिन्याच्या आत बायकोचं नाव घालायचं होतं आणि तो फॉर्म या गृहस्थाच्या बॅगेत तीन आठवडे प्रवास करत होता. शेवटी मीच बसून भरला. सुवाच्य अक्षरात, 'मैत्रेयी इंद्रजित देशिंगकर'. कार्ड आलं तेव्हा मी ते देवापुढे ठेवलं. हसू नकोस. या घरात सरकारी शिक्क्याशिवाय इतकं उपयोगी काही आलेलं नव्हतं.

तुझा
चंदू

*

मिरज
२५ ऑगस्ट २०२४

चंदू,

नमस्कार पोचला. आशीर्वाद उभ्यानेच देते आहे, माझेही गुडघे तुझ्याच आईबापाचे आहेत.

बातमी वाचून बरं वाटलं. शेजारच्या देवयानीला पेढे आणायला धाडलं. आता कामाचं.

बत्तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून मिरज तालुक्यात गावोगाव हिंडले आहे, तेव्हा मला पुढील गोष्टी कळव. तिचा रक्तदाब किती, वजन किती, हिमोग्लोबिन किती, लघवी तपासली का. तुझं पत्र दोनदा वाचलं. हिंगावर एक परिच्छेद आहे, विम्यावर एक आहे. पोरीला दिवसातून किती वेळा उलटी होते ते कुठे नाही.

विमा आहे हे चांगलं. तरी माझं ऐक. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथेही असेल. फुकट असते. गर्दी असते, बसायला जागा नसते, नर्स ओरडते. पण ती प्रत्येकीच्या दंडाला पट्टा बांधते, कारण तिला रजिस्टर भरायचं असतं. तुझ्या विम्याच्या, आरशांच्या दवाखान्यात जा, आणि सरकारीतही जा. दोन ठिकाणी बघितलं म्हणून कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही.

घरात बाई नाही हे तू विनोदात लिहिलंस. मला ते विनोदाचं वाटलं नाही. ती कोणाला काय सांगेल? तू तिला विचारत जा. तिला लाज वाटेल, तुलाही वाटेल. तरी विचार.

ताई

*

अलीगंज, लखनौ
२९ सप्टेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र मला तपासणी पथकाच्या अहवालासारखं वाटलं. माझ्या शिक्षकी आयुष्यात अशी दोन पथकं आली, त्यांनीही मुलांना काय येतं यापेक्षा वह्यांना कव्हरं आहेत का हेच जास्त पाहिलं. तू मात्र कव्हरं सोडून थेट मुलांकडे गेलीस, म्हणून गुण देतो.

या महिन्यात मी स्वतः मैत्रेयीबरोबर दवाखान्यात गेलो. विमा कंपनीच्या यादीतला आहे, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. आरसे आहेत, तुझा अंदाज बरोबर. गार हवा आहे आणि टीव्हीवर आवाज बंद करून कोणीतरी पदार्थ शिकवत असतं. मी तिथे बसलो. ती नोंदणीच्या खिडकीशी गेली, तिथल्या मुलीशी बराच वेळ काही बोलत होती. मला वाटलं, दोघी एका वयाच्या, जमलं असेल. मग वर डॉक्टरणीकडे गेली आणि वीस मिनिटांत खाली आली. मी विचारलं, कार्ड चाललं ना? हो बाबा, म्हणाली. आणि तब्येत? सगळं नॉर्मल आहे. रक्तदाब एकशे दहा, सत्तर. घे, हा आकडा खास तुझ्यासाठी तिच्याकडून वदवून घेतला. उलट्या थांबल्या आहेत. हिंग अद्याप हद्दपार.

परवा सुभेदार येऊन गेले. मोटरसायकलवर तेलीबागेहून अलीगंज, म्हणजे अख्खं शहर ओलांडून, डिंकाच्या लाडवांचा डबा पुढ्यात धरून. ते सांगत होते की पोरीच्या जन्मापासून लग्नापर्यंत त्यांनी दवाखान्याचं बिल असं कधी पाहिलंच नाही. पाच वर्षांची असताना हात मोडला, तेव्हाही फौजेच्या इस्पितळात फक्त बापाचा नंबर सांगितला आणि प्लास्टर झालं. लग्न झालं आणि तिचं नाव त्या यादीतून कटलं. मग चहा पिता पिता जरा अडखळत म्हणाले, आजकाल डॉक्टर लोक बरंच घेतात, पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, तर दर महिन्याला आम्ही काही… मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, सुभेदारसाहेब, एक फौज सुटली तरी तुमची मुलगी आता दुसऱ्या छत्राखाली आहे, आणि ते छत्र इंद्रजितच्या कंपनीने धरलेलं आहे. त्यांना विम्याचं कार्ड आणून दाखवलं. उलटसुलट करून बघितलं आणि "अच्छा" म्हणाले. मैत्रेयी तिथेच होती. कप उचलून आत गेली.

नऊ तारखेचंही बोललो. तुझी आज्ञा सांगितली. ती लगेच म्हणाली, जाऊ का बाबा? मीच नको म्हटलं. आपल्याकडे विमा असताना त्या रांगेत उभं राहायचं म्हणजे जिच्याकडे तो नाही अशा एखादीची जागा अडवायची. हे तुला पटावं. पटलं नाही तर तू तसं कळवशीलच.

चंदू

*

मिरज
१४ ऑक्टोबर २०२४

चंदू,

पटलं नाही.

जागा अडत नाही. रांग संपेपर्यंत नर्सला उठता येत नाही, मी स्वतः संध्याकाळपर्यंत बसलेली आहे. तुझी नीती वर्गात ठीक आहे.

खिडकीवरच्या मुलीशी ती बराच वेळ काय बोलत होती? मला त्या वाक्यापाशी थांबायला झालं. दवाखान्याच्या खिडकीशी मैत्री करायला कोणी जात नाही.

मी या पाकिटात माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं एक पाकीट घालते आहे. ते तिला दे. म्हणावं, आत्याला पत्र लिही आणि दर महिन्याचा रक्तदाब आणि वजन लिही. तू वाचू नकोस.

ताई

*

अलीगंज, लखनऊ
१४ नवंबर २०२४

आदरणीय आत्या,

सादर प्रणाम. माझी मराठी लिहायची सवय नाही. तिसरीपर्यंत पुण्याला होतो तेवढीच शाळेत शिकली. आता बाबा रोज एक पान लिहून घेतात आणि लाल पेनने गोल करतात. हे पत्र त्यांना दाखवत नाही आहे, तर गलती माफ करा.

तुम्ही लाडाने विचारलं ते खूप छान वाटलं. इथे असं कोणी विचारत नाही. म्हणजे बाबा विचारतात पण ते मग जोक करतात आणि मी पण हसते. बाबा खूप चांगले आहेत. माझ्यासाठी संत्री स्वतः निवडून आणतात, सब्जीवाल्या भैयाशी भांडून.

तुम्ही नंबर मागितले ते लिहिते.
सितंबर: बी.पी. ११०/७०, वजन ५२.
अक्टूबर: बी.पी. ११०/७०, वजन ५३.
नवंबर: बी.पी. ११०/७०, वजन ५४.
डॉक्टर म्हणाल्या सगळं नॉर्मल.

दिवाळीला चकली मी केली, पहिल्यांदा. अर्ध्या तुटल्या. पाय थोडे सुजले आहेत म्हणून मी बाबांची चप्पल घालते, बाबा म्हणतात आता ह्या चपलेवर माझा हक्क गेला. अंगठी पण टाइट झाली, साबण लावून काढली आणि डब्यात ठेवली. ह्या दिवसात असं होतंच ना? मम्मीला विचारलं नाही, ती उगीच पापांना पाठवेल. डोकं कधी कधी दुखतं पण ते थंडी सुरू झाली म्हणून.

एक विचारायचं होतं. डिलिव्हरीला सरकारीमध्ये जास्तीत जास्त किती लागतात? असंच विचारते आहे.

तुमची
मैत्रेयी (माणिक)

*

मिरज
२२ नोव्हेंबर २०२४
स्पीड पोस्ट

चंदू,

तिचं पत्र काल आलं. लगेच देवयानीकडून तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. मोबाइल कपाटात ठेवायची तुझी सवय मला ठाऊक आहे. मग इंद्रजितला लावला. तो म्हणाला, हाँ आत्या, रविवारी सुट्टी आहे, घेऊन जातो. देवयानीने माझ्या वतीने दोनदा बजावलं, तरी मी लिहिते आहे, कारण तो घाईत होता.

तिने पाठवलेले आकडे खोटे आहेत. तीन महिने रक्तदाब एक अंकानेही हलत नाही आणि वजन दर महिन्याला बरोब्बर एक किलो वाढतं, असं पोट फक्त रजिस्टरात असतं. न झालेल्या भेटी बसल्या जागी भरणाऱ्या नर्सा मी पाहिल्या आहेत. एका वर्षी मी स्वतः भरल्या आहेत. मला ती अक्षरं ओळखू येतात.

सप्टेंबरचा आकडा खरा असेल, तो तुझ्या पत्रात आहे. त्यानंतर ती कुठे गेलेली नाही. पाय सुजलेत, बोटं सुजलीत, डोकं दुखतंय. ही तिन्ही एकत्र आली की मी बाईला बैलगाडीत घालून मिरजेला आणायची.

हे वाचशील त्या क्षणी उठ आणि तिला घेऊन जा. कुठल्याही दवाखान्यात ने. का गेली नाहीस, हे आत्ता विचारू नकोस.

ताई

*

अलीगंज, लखनौ
२० जानेवारी २०२५

ताई,

तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही. इंद्रजितने देवयानीच्या फोनवर सांगितलं तेवढं तुला माहीत आहे, की सून वाचली आणि मूल गेलं. उरलेलं मी लिहितो. आठ आठवडे लिहीन म्हणतो आहे.

तुझं स्पीड पोस्ट सत्तावीसला आलं. आम्ही सव्वीसलाच घर सोडलं होतं.

त्या रविवारी इंद्रजितची सुट्टी रद्द झाली. दोन माणसं आली नव्हती, याला डबल ड्यूटी लागली. मला त्याने काही सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी मी पेपर वाचत होतो. ती मटार सोलत समोर बसली होती. म्हणाली, बाबा, तुमच्या पेपरची अक्षरं चमकताहेत. मी म्हटलं, बातम्यांमध्ये तर तसं काही दिसत नाही. ती हसली, आणि मग तिचा हात वाकडा झाला आणि ती खुर्चीवरून खाली आली. रक्तदाब चढून आलेली आकडी होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी तिला हाक मारत राहिलो.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. आम्ही त्या आरशांच्या दवाखान्यात गेलो, कारण माझ्या डोक्यात तोच पत्ता होता. आत तिला इंजेक्शन दिलं, मी खिडकीशी कार्ड ठेवलं. तिथल्या मुलीने आधार मागितलं, ते सुनेच्या पर्समध्ये होतं. तिने दोन्ही शेजारी ठेवून पाहिली आणि म्हणाली, "अंकल, ये तो दो अलग लेडीज़ हैं. मैडम को अगस्त में भी बताया था." उद्धटपणे नाही म्हणाली. एका कार्डावर मैत्रेयी, एका कार्डावर माणिक. शाळेच्या दाखल्यापासून आधारपर्यंत ती माणिकच आहे. मैत्रेयी नावाची बाई तांदळात होती आणि मी भरलेल्या त्या एका फॉर्ममध्ये होती.

डॉक्टरीण खाली आली. म्हणाली, सातव्या महिन्याचं मूल सांभाळायची सोय इथे नाही, मोठ्या सरकारी इस्पितळात न्या. त्यांनीच ॲम्ब्युलन्स दिली.

तिथे कार्ड कोणी मागितलं नाही. नाव विचारलं, शेजारणीने आधारवरून वाचून सांगितलं, आणि तिला आत नेलं. मी बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने एक बाई दारात येऊन ओरडली, "माणिक के साथ कौन है?" मी बसून राहिलो. तिने पुन्हा विचारलं. मी आजूबाजूला पाहिलं, की कोण उठतंय. इंद्रजित तेवढ्यात अमौसीहून पोचला होता, कामावरचं चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट तसंच अंगात. तो धावत गेला. तेव्हा मला कळलं की हाक आपल्यालाच होती.

मुलगी होती. सातशे ग्रॅम. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. तिच्या कागदावर 'बेबी ऑफ माणिक' एवढंच लिहिलं आहे. मी तिला काचेतून पाहिलं. तुझ्यासारखी कपाळाला आठी होती.

इंद्रजितने तिथल्या जिन्यात बसून मला सगळं सांगितलं. ऑगस्टमध्ये पहिल्याच भेटीला कार्ड परत केलं होतं. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या आणि डॉक्टरणीची फी मिळून सहा हजारांच्या वर गेले. पोरीने जन्मात पहिल्यांदा दवाखान्याचं बिल पाहिलं आणि घाबरली. कंपनीला विचारलं, तर नाव फक्त एप्रिलमध्ये, पॉलिसी नवी होताना बदलतं. बाळंतपण मार्चमध्ये. म्हणजे तेही खिशातून, आणि त्या दवाखान्यात त्याला सत्तर-ऐंशी हजार सांगितले होते. मग दोघांनी बसून ठरवलं, की आता तपासण्यांवर घालवायचे नाहीत, मूल यायच्या वेळेसाठी जमवायचे. सप्टेंबरात मी बरोबर गेलो म्हणून तिने डॉक्टरणीचे आठशे भरले आणि लिहून दिलेल्या तपासण्या केल्या नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती ठरल्या दिवशी फाइल पिशवीत घालून निघायची, हनुमान मंदिराबाहेर तासभर बसायची आणि परत यायची. येताना माझ्यासाठी केळी आणायची.

मी हे सगळीकडून लावून पाहिलं, ताई. विमा नसता तर ती नऊ तारखेच्या रांगेत गेली असती. जाऊ का, असं तिने मला विचारलं होतं. विमा नसता तर सुभेदारांनी पैसे दिले असते आणि मी घेतले असते. विमा होता, म्हणून मी दोन्ही दारं लावली. नाव मी ठेवलं होतं, फॉर्म मी भरला होता, आणि कार्ड पाहुण्यांना दाखवत मीच फिरत होतो.

सुभेदार चार दिवस इस्पितळाच्या आवारात होते. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "साहेब, मला एक हाक मारायची होतीत." ते मोटरसायकल ढकलत फाटकापर्यंत गेले, चालू नाही केली.

ती महिनाभर तेलीबागेत राहून संक्रांतीच्या आधी परत आली. मी नको म्हणत होतो, अजून आराम कर म्हणत होतो. आली त्या दिवशी मी तिच्याशी बोलायला बसलो. तुझी आज्ञा होती ना, विचार म्हणून, उशिरा पाळली. कार्ड चालत नाही हे मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं. पदराच्या टोकाशी चाळा करत होती. मग म्हणाली,

"बाबा, तुम्ही इतक्या हौसेने नाव ठेवलं होतं. त्याच्यामुळे गडबड झाली, हे मी कसं बोलणार होते?"

मी म्हटलं, बोलायचं होतंस. रागवायचं होतंस. ती म्हणाली, "आता बोलीन." आणि उठून माझ्यासाठी चहा टाकला.

तेव्हापासून ती हसते, माझ्या विनोदांना दाद देते, शुद्धलेखनाचं पान रोज आणून ठेवते. डॉक्टरांनी सांगितलं आहे की रक्तदाब अजून पूर्ण उतरलेला नाही, गोळी चालू ठेवायची, आणि पुढे कधी दिवस राहिले तर पहिल्या आठवड्यापासून लक्ष ठेवायला लागेल. मी घरी मोजायचं यंत्र आणलं आहे. ती आपल्या खोलीत जाऊन स्वतः पट्टा बांधते आणि बाहेर येऊन मला आकडा सांगते. आज सकाळी म्हणाली, एकशे वीस, ऐंशी. कालही तेच म्हणाली होती. परवा तर मला आठवतही नाही, मी फक्त मान हलवली.

यंत्र हातात घेऊन आकडा बघायला मी अजून एकदाही गेलो नाही. गेलो तर तिला वाटेल, बाबांचा विश्वास नाही. नाही गेलो तर मला काहीच कळणार नाही. ती खरं सांगते, की मला बरं वाटावं म्हणून सांगते, हे मला ओळखता येत नाही. या घरात तिचं दुखलं तरी ती मला सांगणार नाही, आणि तेव्हाही मी समोर पेपर वाचत बसलेला असेन, याची मला भीती वाटते, ताई. फार भीती वाटते.

चंदू